बिनवांग्याचे भरीत

माझ्या मार्गदर्शकांच्या वडिलांचे धरणगावला खते-औषधांचे दुकान होते आणि सर त्या दुकानाच्या काउंटरमागे वाढले. विज्ञानाच्या पदव्या, परदेशातला मुक्काम, विद्यापीठातली खुर्ची हे सगळे नंतर आले. माणूस लहानपणी ज्यावर विश्वास ठेवायला शिकतो त्यावरच शेवटपर्यंत ठेवतो आणि पदव्या त्या विश्वासाला फक्त भारदस्त नाव देतात, हे मला त्यांच्या हाताखाली काम करताना कळले. दुकानात शेतकरी यायचा आणि म्हणायचा, अळी मरत नाही. उत्तर ठरलेले असे: पंपाला एक झाकण टाकत होतास ना, आता दोन टाक. अळी मेली की औषध चांगले. अळीसोबत आणखी काय मेले, हे पाहायला शेतात कोणी थांबत नसे. जळगावातल्या आमच्या प्रयोगशाळेचा कारभारही याच तत्त्वावर चाले. फरक एवढाच, की झाकणाच्या जागी मायक्रोपिपेट होते आणि अळीच्या जागी माझ्या पेशी.

मी नेमके काय करत होते ते आधी सांगते. धुळ्याला आमच्या गल्लीत हा प्रश्न मला दर सुट्टीत विचारला जातो आणि माझे उत्तर संपायच्या आत विचारणारी व्यक्ती माझ्या लग्नाच्या विषयावर पोहोचलेली असते. वाचकाकडून थोड्या अधिक चिकाटीची अपेक्षा ठेवते.

शरीराचे संरक्षण करणाऱ्या पेशींपैकी काहींचे काम गिळण्याचे असते. जंतू, मेलेल्या पेशी, कचरा, जे समोर येईल ते त्या गिळतात, म्हणून त्यांना भक्षक पेशी म्हणतात. चरबी फार मिळाली तर ती थेंबाथेंबाने साठवून त्या फुगतात, आणि अशा फुगलेल्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीत ठाण मांडून बसल्या की पुढच्या हृदयविकाराची तयारी सुरू होते. आता, पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. दारावरच्या घंटेसारखी ती जागा असते. बाहेरून विशिष्ट रेणू येऊन तिथे बसला, की आत निरोप जातो. आमचे औषध अशा एका घंटेवर नुसते बसून राहणारे होते, ती वाजू नये म्हणून. सरांचा सिद्धांत असा, की ही एक घंटा बंद केली तर पेशी चरबी साठवणे थांबवते. माझा प्रबंध या एका वाक्यावर उभा होता.

पहिल्या मात्रेत घंटा बंद पडली. तशी चाचणी मी स्वतः केली होती आणि तीत शंकेला जागा नव्हती. चरबीचे थेंब मात्र होते तसेच राहिले.

"डोस कमी पडतोय," सर म्हणाले. "वाढव."

"सर, रिसेप्टर तर पूर्ण बंद झालाय."

"मग आणखी बंद कर."

हे वाक्य ते हसून म्हणाले होते, पण ते गमतीत म्हणाले नव्हते. मी मात्रा दहापट केली. चरबीला लागणारा तांबडा रंग फिका पडला आणि मायक्रोस्कोपखाली पेशी स्वच्छ, सडपातळ, आटोपशीर दिसू लागल्या. सरांनी जिलेबी मागवली. विभागातल्या लोकांनी एकेक तुकडा तोंडात टाकत माझे अभिनंदन केले. मुकी झालेली घंटा दहापट अधिक मुकी कशी होते, हा प्रश्न त्यातल्या एकालाही पडला नाही. पडला असेल तर त्याने तो जिलेबीबरोबर गिळला. त्या बाबतीत आमचा विभाग भक्षक पेशींच्या तोडीचा होता.

त्या सडपातळ पेशी पाहताना मला बारावीनंतरचा माझा विषमज्वर आठवला. मी अंथरुणातून उठले तेव्हा हाताची हाडे मोजता येत होती आणि भिंतीचा आधार घेतल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येत नव्हते. मावशी भेटायला आली, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि आईला म्हणाली, "काही म्हण ताई, बारीक झाल्यावर नाकी-डोळी उठून दिसते पोर." माणूस बारीक झालेला दिसला की तो बरा आहे असे समजणारी मावशी जगात एकच नाही. आमच्याकडे तर ती विभागप्रमुखही असते.

म्हणून मी पेशींची भूक तपासली. भक्षक पेशींना चमकणारे सूक्ष्म मणी दिले तर त्या एरवी अधाशासारख्या गिळतात आणि आतून चमकू लागतात. दहापट मात्रेतल्या पेशींनी मण्यांकडे ढुंकूनही पाहिले नाही. चरबी बांधून ठेवायलाही पेशीला ताकद लागते, आणि ती ताकदच औषधाने काढून घेतली होती. माझ्या पेशी पथ्य पाळत नव्हत्या. त्यांनी अन्न सोडले होते.

पण एवढ्याने सिद्ध काहीच होत नव्हते. घंटा बंद झाल्यामुळेच पेशी आजारी पडली, असेही कोणी म्हणू शकले असते. निकाल लावणारा प्रयोग एकच होता: ज्या पेशींच्या अंगावर ती घंटाच नाही अशा पेशी घ्यायच्या आणि त्यांना तेच औषध द्यायचे. अशा पेशी तयार करून ठेवणारी एक प्रयोगशाळा दक्षिणेत होती. मी पत्र पाठवले, बर्फात बांधलेला डबा आला, आणि सर एका परिषदेला गेले असताना मी तो प्रयोग करून टाकला. ज्यांना रिसेप्टर नव्हता त्या पेशीही तितक्याच सडपातळ झाल्या. औषध ज्याच्यासाठी आणले तो घरात नसतानाही घराची तीच दुर्दशा करत होते. याचा अर्थ, त्याचा हात दुसऱ्याच कोणाच्या तरी मानेवर होता. कोणाच्या, ते मला ठाऊक नव्हते. पण आमच्या रिसेप्टरचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता, हे पक्के झाले होते.

यापुढे जे घडले ते समजण्यासाठी माझ्या अडचणीची जात समजली पाहिजे. परदेशातल्या एका प्रयोगशाळेने मला जागा देऊ केली होती. अट एकच: उन्हाळ्याआधी प्रबंध दाखल झालेला असावा. त्यासाठी समितीपुढे सादरीकरण व्हायला हवे होते, त्यासाठी सरांची सही हवी होती, आणि सरांना रिसेप्टर हवा होता. आईने तर गल्लीत सांगूनही टाकले होते. आमच्या गल्लीत सांगून टाकलेली गोष्ट झालेलीच असते. बाकी फक्त विमान उरते.

आणि मला सत्याचे वेड होते, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. मला नाव हवे होते. मी मोठी होणार, हे मी सातवीतच ठरवले होते. माझा हिशेब रोखठोक होता: हा निष्कर्ष छापला गेला तर जगातली कुठलीतरी दुसरी मुलगी हाच रिसेप्टर नसलेल्या पेशींचा प्रयोग करील आणि तिच्या निबंधात चुकीचे उदाहरण म्हणून माझे नाव येईल. सर तोवर निवृत्त होऊन केळी लावत बसलेले असतील. चुकीच्या कागदावर पहिले नाव माझे असणार होते, आणि ते मला मान्य नव्हते.

सर परतल्यावर मी त्यांच्या टेबलावर चित्रे ठेवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली.

"पेशी खराब झाल्या असतील वाटेत."

"नुसत्या ठेवल्या तर छान वाढताहेत, सर. चरबीही भरपूर साठवतात. औषध घातलं की बारीक होतात."

"पुन्हा कर."

मी पुन्हा केला. तेच आले. त्यावर ते जे म्हणाले, ते खानदेशाबाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शकाच्या तोंडून येणार नाही. "बरं, आता भरताच्या दिवशी बोलू."

आमच्या विभागात प्रबंधाचा निकाल सभागृहात लागत नसे. तो सरांच्या मळ्यात, धरणगावच्या रस्त्याला, वांग्याच्या भरितावर लागे. थंडीत कपाशी उपटून झाली की तिच्या काड्यांचा जाळ करून त्यावर वांगी भाजायची, विभागातले सगळे आणि बाहेरगावचे तज्ज्ञ यांना बोलवायचे, आणि दोन दिवसांनी सभागृहात कोणी काय विचारायचे आणि काय विचारायचे नाही, ते पंगतीत ठरवायचे. सभागृहातला कार्यक्रम हा मग केवळ फोटोसाठी. या प्रथेला कोणी भ्रष्टाचार म्हणत नसे, कारण कोणी काही घेत नसे. सगळे फक्त जेवत. माझ्या आधीच्या किती विद्यार्थ्यांचे कच्चे निष्कर्ष त्या जाळावर शिजून निघाले, ते त्या वांग्यांनाच ठाऊक.

मी गेले. मळ्यात धूर होता आणि सरांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे आबा म्हणत, जाळाशी बसून लांब काडीने वांगी फिरवत होते. मला पाहताच ते ओरडले, "ये व माय, ये! इतकं शिकीसन काडीसारखी व्हई गयी. तुना सर तुले खावाले देत नही का?"

"सर डोस देतात, आबा."

"मंग डबल ले," आबा म्हणाले, आणि आपल्याच विनोदावर त्यांना ठसका लागला. घराण्यात एकवाक्यता होती.

बाहेरचे तज्ज्ञ धुळ्याहून आले होते. ते एका महाविद्यालयात प्राध्यापक होते. माणूस हुशार, वाचलेला, आणि आपण हुशार आहोत हे विसरायची तयारी असलेला. लाकडी बडगीत सोललेली वांगी मिरची-लसणासोबत ठेचली जात होती तेव्हा ते माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले.

"सर म्हणत होते, तुमच्या मनात काहीतरी आहे."

मी चित्रे मोबाइलवर दाखवली. रिसेप्टर असलेली पेशी, नसलेली पेशी, औषधाआधी, औषधानंतर. त्यांनी एकेक चित्र बोटांनी मोठे करून पाहिले आणि मोबाइल परत दिला. ते न समजल्याचे सोंग घेत आहेत असे मला वाटले, म्हणून मी त्यांना पळवाट ठेवली नाही.

"सर, समजा या बडगीत वांगी घातलीच नाहीत. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, वरून तेलाची फोडणी, बाकी सगळं तेच. आणि चव हुबेहूब आली. तर ती चव वांग्याची म्हणायची का?"

ते मोठ्याने हसले. "मग ते भरीतच नव्हे. तो नुसता ठेचा."

"माझ्या प्रबंधाचं नाव भरीत आहे, सर."

त्यांचे हसणे थांबले. त्यांना समजले होते, पूर्णपणे, बिनचूक समजले होते, आणि या साऱ्या प्रकरणात मला सर्वाधिक तिरस्कार ज्याचा वाटतो तो क्षण हाच. अडाणीपणावर मला राग धरता येत नाही. त्याला शिकवता येते. पण समजून घेऊन, मान डोलावून, पानावर पुरी वाढून घेणाऱ्या माणसाला काय शिकवायचे?

"सरांशी बोलतो मी," ते म्हणाले आणि पंगतीकडे निघाले.

सर माझ्या समोरच बसले होते. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडत त्यांनी तोडगा जाहीर केला. "अगं, तू उगीच घाबरतेस. रिसेप्टर बंद होतोय, हे खरं ना?"

"खरं."

"चरबी कमी होतेय, हे खरं ना?"

"खरं. पण एकामुळे दुसरं नाही."

"मग तर आणखी चांगलं! एक औषध, दोन कामं. मल्टी-टार्गेट म्हणू आपण. हल्ली तेच चालतं. नाव तेवढं बदल, बाकी प्रकरण तसंच ठेव."

पंगतीतून "वा" आले. आबांनीही, काही न कळता, "वा" म्हटले. त्यांना मी क्षमा केली, कारण ते भरिताला उद्देशूनही असू शकत होते.

"सर, दुसरं काम म्हणजे पेशी आजारी पाडणं आहे. त्या गिळत नाहीत. हे औषध माणसाला दिलं तर त्याची चरबी कमी होईल की नाही माहीत नाही, पण जंतू मात्र मजेत राहतील."

"माणसाला कोण देतंय? आपण पीएच.डी. देतोय," सर म्हणाले. सगळे हसले. तज्ज्ञही हसले. मग सरांनी आवाज खाली आणून, खरोखर मायेने म्हटले, "बेटा, तुला जायचंय ना बाहेर? जा. तिथे जाऊन काय ते शोध. इथलं इथे मिटवून टाक."

ती माया खोटी नव्हती, आणि म्हणूनच ती अधिक अपमानास्पद होती. त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते, की इथल्या कामाला काही फारसा अर्थ नसतो. खरे विज्ञान तिकडे असते आणि इकडे त्याची तिकिटे मिळतात. जळगावात केलेल्या चुकीला चूक म्हणण्याइतकीही किंमत त्यांनी जळगावाला दिली नव्हती. आयुष्यभर त्या प्रयोगशाळेत बसलेला माणूस तिला एसटीचा थांबा समजत होता.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेले. आईला सगळे सांगितले; भरिताच्या उदाहरणासकट. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "पण सर स्वतः म्हणतात ना, चालेल म्हणून?"

"म्हणतात."

"तज्ज्ञ पण म्हणतात?"

"हो."

"मग तुझंच वांगं का अडलंय?"

परतीच्या बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी सादरीकरणाचे दोन शेवट मनात मांडून पाहिले. एकात मल्टी-टार्गेट हा शब्द होता, टाळ्या होत्या आणि विमान होते. दुसऱ्यात रिसेप्टर नसलेल्या पेशींचे एक चित्र होते. एरंडोल आले तेव्हा माझ्या लक्षात आले, की पहिल्या शेवटातली वाक्ये मला पाठ होत नाहीत. मला पाठांतर फार चांगले जमते; त्यामुळे हा मी निकाल मानला.

सभागृहात फलक लागला होता, पुष्पगुच्छ तयार होते, छायाचित्रकार होता. मी पहिली मात्रा दाखवली, दहापट मात्रा दाखवली, चमकणारे मणी दाखवले, आणि मग ते चित्र लावले. "या पेशींना रिसेप्टर नाही. औषधाचा परिणाम तोच आहे. म्हणून या प्रबंधाचा मूळ दावा टिकत नाही," असे मी म्हणाले. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला; छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला.

सरांनी माझ्याकडे पाहिले नाही. त्यांनी तज्ज्ञांकडे पाहिले. तज्ज्ञांनी घसा साफ केला. मला वाटले, आता तरी ते विचारतील, की मग औषध नेमके कशाला धरते, हे तपासले का, मात्रा टप्प्याटप्प्याने वाढवून पाहिली का. प्रश्न विचारण्याइतके ज्ञान त्यांच्यापाशी होते, आणि मी उत्तरे तयार ठेवली होती.

"हे परवा मळ्यात मिटलं होतं ना?" ते म्हणाले.

ते त्यांनी माइकमध्ये म्हटले, आणि ते त्यांना उशिरा कळले. मागच्या रांगेत कोणीतरी हसू दाबले. त्यानंतर मात्र समितीला कायदेशीर होण्याखेरीज मार्ग उरला नाही. जे सगळ्यांसमोर पडद्यावर दिसले ते दिसलेच नाही, असे नोंदवायची हिंमत एकाही सदस्यात नव्हती. त्यांचे धैर्य फक्त पंगतीपुरते होते. औषध प्रत्यक्षात कशावर काम करते याचा शोध घेऊन, दावा बदलून पुन्हा सादरीकरण करावे, असा निर्णय झाला. सरांनी त्यावर सही केली. पुष्पगुच्छ मला दिलाच गेला, कारण तो आणलेला होता.

परदेशातल्या प्रयोगशाळेने दोन ओळींचे सभ्य पत्र पाठवून जागा दुसऱ्याला दिली. मी ते वाचले आणि त्या दिवशी पेशींना अन्न घालायला विसरले. एवढेच दुःख मी केले, आणि ते मला परवडलेही नाही, कारण पेशींची एक अख्खी बशी मेली. आईने गल्लीत सांगितले, की व्हिसाचे काहीतरी अडले. गल्लीला ते लगेच पटले. व्हिसा ही गोष्ट त्यांना कळते. वांगे नसलेले भरीत कळत नाही.

विभागात मला आता हट्टी म्हणतात. काहीजण माझ्याशी बोलताना आधी आजूबाजूला पाहतात. यंदा थंडीत मळ्याचे बोलावणे सगळ्यांना आले. मला आले नाही. आबांनी मात्र कोणाच्या तरी हाती डबा पाठवला. तो मी प्रयोगशाळेबाहेरच्या पायरीवर बसून खाल्ला. भरीत उत्कृष्ट होते. त्यात वांगे होते.

आता मी मात्रा पहिल्या पायरीपासून पुन्हा मोजते आहे. औषध कुठे रिसेप्टर सोडून दुसरीकडे हात घालू लागते, ती सीमा मला हवी आहे. ती सापडली की औषधाचा हात ज्याच्या मानेवर आहे त्या दुसऱ्याचे नाव सांगता येईल, आणि त्या कागदावर पहिले नाव माझे असेल. परवा दुपारी सर दारात येऊन उभे राहिले. सादरीकरणानंतर ते पहिल्यांदाच माझ्या टेबलापर्यंत आले होते.

"डोस किती घेतलायस?"

"कमीच."

"दिसतंय काही?"

"काही नाही, सर. रिसेप्टर बंद आहे, चरबी तशीच आहे."

ते जरा वेळ तांबड्या थेंबांनी भरलेल्या त्या गलेलठ्ठ, निरोगी पेशींकडे पाहत राहिले. त्यांच्या ओठांवर 'वाढव' हा शब्द आलेला मला दिसला. त्यांनी तो उच्चारला नाही.

"मग आता काय करतेस?"

"काही दिसत नाही, हेच लिहितेय," मी म्हणाले, आणि पुढची बशी लावली.